शिपायाची जखम आणि कचेरीचा कागद

ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी कळव्यास येते आणि पारसिकच्या डोंगराला बगल देऊन किंवा त्याच्या पोटांतून कल्याणकडे जाते. १८५४ सालीं हा लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोंचला. पुढें कल्याणाहून एक फांटा बोरघाट चढून पुण्यास गेला, दुसरा थळघाट चढून देवळाली-नाशिकच्या बाजूस गेला. पुणें आणि देवळाली हीं दोन्ही लष्करी ठाणीं. पहिल्या महायुद्धांत मुंबई बंदरांत उतरलेला जखमी शिपाई तिकडील इस्पितळांत जावयाचा म्हटला म्हणजे त्याची गाडी कळव्यावरूनच जावयाची. पारसिकचा मोठा बोगदा १९१६ सालीं वाहतुकीस खुला झाला. मेसापोटेमियांत कूत येथें वेढ्यांत सांपडलेल्या पुणें डिव्हिजननें शस्त्रें खालीं ठेवलीं, तेंही हेंच साल. बोगद्याचा खर्च हिशेबवहींत मांडतां येतो. त्या डिव्हिजनमधील शिपायांनीं आपल्या शरीराचें जें मोल दिलें, तें मात्र इतक्या सहज मांडतां येण्यासारखें नव्हतें.

लढाईंत हात-पाय गमावलेल्या किंवा लष्करी चाकरींत रोगानें खंगलेल्या माणसास राज्यानें काय द्यावें, तें कोणीं ठरवावें, आणि ठरविणाराच चुकला तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न फार जुना आहे. आज तो न्यायासनांपुढें येतो, आणि पुष्कळदां त्याचा निकाल एकदम 'हो' किंवा 'नाहीं' असा लागत नाहीं. प्रकरण पुन्हां वैद्यकीय तपासणीसाठीं, पुन्हां विचारासाठीं खालीं परत पाठवावें, एवढाच हुकूम होतो. अर्जदाराच्या घरीं या हुकुमाचा अर्थ 'आणखी कांहीं वर्षें' असा घेतला जातो. हा परतीचा रस्ता कसा तयार झाला, हें पाहावयाचें तर प्रथम तो नव्हता तो काळ पाहिला पाहिजे.

कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें. त्यांत १६५९ सालच्या अफझलखानाच्या प्रसंगानंतरची जी हकीकत आहे, ती या दृष्टीनें फार मोलाची आहे. मेलेल्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें. ज्यांस मुलगा नव्हता त्यांच्या बायकांस अर्धें वेतन चालविलें. आणि जखमींस जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर व दोनशें होन दिले. यांतील 'जखम पाहून' हा भाग महत्त्वाचा आहे. मनुष्य जखमी झाला म्हणून सर्वांस सारखेंच, अशी ही वांटणी नव्हती. तिच्या चार पायऱ्या होत्या. आजच्या लष्करी नियमांत अपंगत्व शेंकडा किती हें ठरवून त्या मानानें वेतन देतात. कल्पना तीच आहे, फक्त त्या वेळीं मोजणारा डोळा आणि देणारा हात हे एकाच ठिकाणीं होते. जखम ओली असतांनाच तिचें मोल झालें, आणि मोल करणाऱ्यांनीं ती लढाई डोळ्यांनीं पाहिलेली होती.

पेशवाईंत हीच रीत दप्तरांत शिरली. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीं दिलेल्या नेमणुकीस 'बालपरवेशी' म्हणत, आणि पेशवे दप्तरांतून अशा नेमणुकांचे उल्लेख वारंवार भेटतात. वसईच्या मोहिमेंत १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो मराठ्यांकडून घेतला. कळव्याच्या समोरील तीरावर अवघ्या ३७ वर्षांत एवढें रक्त सांडलें, तेव्हां अशा नेमणुकांची गरज या प्रदेशास कांहीं परकी नव्हती.

तरीही जुन्या काळाचें कौतुक मर्यादेनेंच केलें पाहिजे. बालपरवेशी हा हक्क नव्हता, ती धन्याची कृपा होती. नेमणूक मिळाली तर मिळाली. दरबारांत ज्याचा कोणी नाहीं, त्याची जखम कितीही खोल असली तरी तिच्याकडे पाहणारा कोण? आणि मिळालेली नेमणूक पुढील कारभाऱ्यानें बंद केली, तर तिच्यावर अपील करावयास जागा नव्हती. आजच्या अर्जदाराचें प्रकरण दहा वर्षें लोंबकळतें, तें त्यास दाद मागण्याचा अधिकार आहे म्हणूनच लोंबकळतें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

कंपनी सरकारनें कृपेच्या जागीं यादी आणली. रॉबर्ट क्लाइव्हला मीर जाफरकडून मृत्युपत्रानें पांच लक्ष रुपये मिळाले होते. त्यांतून कंपनीच्या जखमी व जर्जर झालेल्या लष्करी लोकांसाठीं एक फंड निघाला. त्याचा लाभ मुख्यतः गोऱ्या लोकांनाच झाला. देशी शिपायांसाठीं बंगाल्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस निराळी युक्ति निघाली. चाकरीस निरुपयोगी झालेल्यांना बिहारांत पडीक जमीन देऊन त्यांच्या वसाहती वसविण्यांत आल्या. शिपायाचें पोट भरावें आणि जंगलही तुटावें, असा हा दुहेरी हिशेब होता. पुढें जमिनीच्या ऐवजीं रोख पेन्शन हाच शिरस्ता पडला.

मुंबई इलाख्यांत जखमेचा मान कसा ठेवला जाई, याचें एक उदाहरण कोरेगांव भीमा येथें आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं तेथें झालेल्या लढाईंत खंडोजी गजोजी नांवाचा जमादार जखमी झाला होता. त्या लढाईच्या स्मारकाचा स्तंभ उभा राहिल्यावर १८२४ सालीं सरकारनें त्याच्याच हातीं स्तंभाची देखरेख सोंपविली. जखमी माणसास काम आणि मान दोन्ही द्यावे, ही कल्पना त्यांत दिसते. परंतु असा जमादार हजारांत एखादाच. बाकीचे लोक पेन्शनीच्या थोड्या रुपयांवर दापोलीसारख्या ठिकाणीं जाऊन राहत. दापोलीची पेन्शनरांची वस्ती प्रसिद्धच होती. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. आंबेडकरांचे वडील, पलटणींतून निवृत्त झाल्यावर प्रथम तेथेंच जाऊन राहिले. गोपाळ बाबा वलंगकर हेही पेन्शनर. महार लोकांची लष्करभरती बंद होऊं लागली, तेव्हां १८९४ सालीं त्यांनीं सरकारास लिहिलेलें विनंतिपत्र पुढें फार महत्त्वाचें ठरलें. तो प्रश्न पेन्शनीचा नव्हता. पण जो शिपाई लिहावयास शिकला, त्यानें लेखणीचा पहिला उपयोग सरकारास अर्ज करण्याकडे केला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पेन्शनर आणि अर्ज यांची जोडी महाराष्ट्रांत इतकी जुनी आहे.

आतां मेसापोटेमियाकडे वळूं. कारण जखम आणि कागद यांची ताटातूट तेथें जितकी भयंकर झाली, तितकी क्वचितच इतरत्र झाली असेल.

जनरल टाउनशेंड याच्या हाताखालीं सहावी, म्हणजे पुणें डिव्हिजन बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या कांठानें बगदादच्या रोंखानें निघाली. तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूचे हे लोक. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफॉन येथें घनघोर लढाई झाली. बगदाद हातीं लागलें नाहीं, आणि जखमींची संख्या इतकी झाली कीं त्यांच्यासाठीं केलेली तयारी हास्यास्पद ठरली. स्प्रिंगा नसलेल्या गाड्यांतून त्यांना नदीपर्यंत आणलें आणि लोखंडी पडावांवर दाटीवाटीनें घालून खालीं बसऱ्यास पाठविलें. बसऱ्यास एका इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर नांवाचा डॉक्टर होता. 'मेजिदिया' नांवाची आगबोट जखमींना घेऊन आली, ती त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिली. दिवसचे दिवस मलमपट्टी बदललेली नाहीं, माणसें आपल्याच घाणींत पडलेलीं, असा तो देखावा होता. कार्टरनें तो जसाच्या तसा लिहून वर कळविला. वरिष्ठांनीं प्रथम त्यालाच धमकाविलें. पुढें विलायत सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, आणि १९१७ सालीं मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां कार्टरचें म्हणणें खरें ठरलें. त्या अहवालामुळें लंडनमध्यें भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला.

मागें फिरलेली डिव्हिजन कूत येथें वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य संपत आलें. घोड्याचें मांस खावयाचें कीं नाहीं, हा धर्माचा प्रश्न उभा राहिला, आणि भाजीपाल्याच्या अभावीं हिंदी पलटणींत हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग, ज्याला डॉक्टर स्कर्व्ही म्हणतात, तो पसरला. शरणागतीनंतर हजारों लोक तुर्कांच्या कैदेंत वाळवंटांतून चालविले गेले, आणि त्यांतले किती तरी परत आलेच नाहींत.

जे परत आले, त्यांच्या शरीराकडे पाहून सरकारी डॉक्टरास आतां एक अवघड प्रश्न सोडवावयाचा होता. गोळीचा व्रण स्पष्ट दिसतो, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु वेढ्यांत उपाशी राहून ज्याचें शरीर कायमचें खिळखिळें झालें, ज्याला पुढें क्षय किंवा फेफरें जडलें, त्याचा रोग लढाईचा कीं त्याच्या स्वतःच्या प्रकृतीचा? रोग केव्हां सुरू झाला, कोणीं तपासला, कोणत्या कागदावर लिहिला? पडावांत कुजत पडलेल्या माणसाच्या खाटेशीं, म्हणजे खाट असलीच तर, कागद कोण ठेवणार? रणांगणावर जखमीला पाहणारा एक, इस्पितळांत दुसरा, पेन्शन ठरविणारा तिसरा, आणि पैसे देणारा चौथा, अशी ही सांखळी झाली. तिच्या प्रत्येक कडीला जोडणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे कागद.

याच काळांत कांहीं चांगलेंही झालें. मुंबईंतील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी इमारत संग्रहालय म्हणून उघडण्यापूर्वींच लष्करी इस्पितळ म्हणून वापरांत आली. १९१७ सालीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीच्या पुढाकारानें अपंग शिपायांना कलाकौशल्य शिकविणारी शाळा निघाली. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ती हीच. नुसतें पेन्शन देऊन मनुष्यास घरीं बसविण्यापेक्षां त्याच्या हातांना काम द्यावें, हा तिचा हेतु. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालें, आणि १९७४ सालीं खडकीस कमरेखालीं लुळ्या झालेल्या सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र निघालें. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हा सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कायमचा अपंग झाला. त्यानेंच १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक स्पर्धेंत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. अपंगत्वाचे शेंकडे मोजणाऱ्या मंडळांना मनुष्याचें उरलेलें बळ मोजतां येत नाहीं, एवढें यावरून कळून येतें.

विलायतेंत याच अवधींत अपीलाची व्यवस्था उभी राहिली. १९१९ च्या कायद्यानें ब्रिटिश सैनिकास पेन्शन नाकारली गेल्यास स्वतंत्र न्यायमंडळाकडे जाण्याचा हक्क मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत लोकमताचा दाब आला आणि १९४३ सालीं नियमांची दिशाच बदलली. त्यापूर्वीं आपला रोग चाकरीमुळें झाला हें शिपायानें सिद्ध करावयाचें असे. नव्या नियमांनीं तें ओझें त्याच्या डोक्यावरून काढलें, आणि वाजवी संशय असल्यास त्याचा फायदा शिपायास द्यावा, असें ठरलें. ही पेन्शनचीं अपीलें ऐकण्यासाठीं नेमलेले न्यायमूर्ति डेनिंग पुढें जगप्रसिद्ध झाले. संशय किती म्हणजे वाजवी, पुरावा किती म्हणजे पुरेसा, यासंबंधीं त्यांनीं १९४७ सालच्या एका पेन्शनच्या दाव्यांत जें विवेचन केलें, तें आजही हिंदुस्थानांतील न्यायालयांत आधार म्हणून दाखविलें जातें. सामान्य फौजदारी खटल्यांतील वकीलही तो निकाल पुढें करतात, आणि त्यांतील कित्येकांना तो मूळ एका मृत सैनिकाच्या पेन्शनसंबंधींचा होता, याची कल्पनाही नसते.

दुसऱ्या महायुद्धांत कळव्याच्या पुढें, कल्याणजवळ, सैन्याची मोठी छावणी पडली होती. युद्ध संपलें, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांना आणून वसविण्यांत आलें. १९४९ सालीं तिचें उल्हासनगर असें नामकरण झालें. छावणी गेली तरी सैनिकांचे कागद गेले नाहींत. ते निरनिराळ्या गांवीं जाऊन बसले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाची नोंद बेळगांवास, महार रेजिमेंटच्या शिपायाची सागर येथें, पेन्शन मंजूर करणारी हिशेबाची कचेरी अलाहाबादेस, आणि अपील ऐकणारे अधिकारी दिल्लीस. सातारा जिल्ह्यांतील एखाद्या वाडीवरचा किंवा कळव्याच्या चाळींतला माजी शिपाई या चार गांवांच्या मध्यें उभा. त्याच्या हातीं टपालाची पावती तेवढी.

स्वतंत्र भारताच्या सैन्यासाठीं १९६१ सालीं जे पेन्शनचे नियम झाले, त्यांतील १७३ वा नियम या सर्व प्रकरणाचें मूळ होय. त्याचा आशय थोडक्यांत असा. ज्याला अपंगत्वामुळें सेवेंतून काढावें लागलें, त्याचें अपंगत्व लष्करी सेवेमुळें उत्पन्न झालेलें किंवा सेवेमुळें बळावलेलें असलें पाहिजे, आणि तें शेंकडा २० किंवा अधिक असलें पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर अपंगत्वाचें पेन्शन मिळेल. पहिली अट शब्दांची आणि दुसरी आंकड्यांची. वाद या दोन्ही ठिकाणीं होतात.

आंकड्याचा वाद पाहूं. इस्पितळांतील वैद्यकीय मंडळानें शिपायास समोर उभें करून, हात-पाय हालवून पाहून, त्याचें अपंगत्व शेंकडा अमुक असें लिहावें. तो कागद अलाहाबादेस जावा. तेथें हिशेबखात्याच्या दिमतीस असलेल्या वैद्यकीय सल्लागारानें शिपायाचें तोंडही न पाहतां तो आंकडा १९ किंवा १५ वर आणावा, आणि शेंकडा २० च्या खालीं म्हणून अर्ज नामंजूर व्हावा, असे प्रकार घडत. १९ आणि २० यांतील अंतर वैद्यकशास्त्रांत शोधून सांपडणार नाहीं. शिपायाच्या घरांत मात्र तें दर महिन्याच्या एक तारखेस दिसत असे. १९९३ सालीं असें एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, ज्यांनीं शिपायास तपासलें त्या मंडळाचें मत, दुसऱ्या मंडळाकडून त्याची प्रत्यक्ष फेरतपासणी केल्याशिवाय, कचेरींत बसून फिरवितां येणार नाहीं. फेरतपासणीसाठीं परत पाठविणें हें येथें शिपायाचें चिलखत झालें. परत पाठवाल तरच आंकडा बदलेल, नाहीं तर पहिलाच आंकडा कायम.

शब्दांचा वाद याहून चिवट. १९८२ च्या नियमांनीं विलायतेचें १९४३ चें तत्त्व आपल्याकडे लेखी स्वरूपांत आणलें. भरतीच्या वेळीं शिपायाची कसून तपासणी होते. त्या वेळीं त्याच्या अंगीं कांहीं रोग असल्याची नोंद केली नाहीं, तर तो निरोगी होता असें धरावें. पुढें रोग उद्भवला तर तो सेवेंत उद्भवला असें मानावें. सिद्ध करण्याचें ओझें अर्जदारावर टाकूं नये. हे नियम असतांनाही वैद्यकीय मंडळें कागदावर 'प्रकृतिजन्य', 'सेवेशीं संबंध नाहीं' असे ठराविक शेरे मारीत आणि कारण मात्र लिहीत नसत. एक शिपाई १९८५ सालीं भरती झाला आणि फेफऱ्याच्या विकारामुळें १९९४ सालीं सेवेंतून काढला गेला. अपंगत्व शेंकडा २० ठरलें, पण रोग प्रकृतीचा असें लिहून पेन्शन नाकारलें. नऊ वर्षांची चाकरी, म्हणजे साध्या सेवेच्या पेन्शनलाही तो पात्र नव्हता, कारण त्यास पंधरा वर्षें लागतात. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला, दोन न्यायमूर्तींच्या पीठानें तो फिरविला, आणि शेवटीं जुलै २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याला न्याय दिला. भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नाहीं, आणि तो त्या वेळीं कां ओळखतां आला नाहीं याचें कारण मंडळानें दिलें नाहीं, तेव्हां तो सेवेमुळेंच झाला असें मानलें पाहिजे, असा हा निकाल. १९९४ आणि २०१३. मध्यें एकोणीस वर्षें गेलीं. हा निकाल आधारास घेऊन नंतर किती तरी जुन्या शिपायांचीं प्रकरणें मार्गी लागलीं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. सैन्यांत ज्यांना पेन्शन मिळत नाहीं, त्यांचे सेवेचे कागद पंचवीस वर्षें ठेवून नंतर नष्ट करण्याचा शिरस्ता आहे. पेन्शनरांचे राहतात. म्हणजे ज्याला पेन्शन नाकारलें त्याचेच कागद जाळले जातात, आणि ज्याला कागदांची सर्वांत अधिक गरज तो हाच! तीस वर्षांनीं कोणी त्याला सांगितलें कीं तुझा हक्क होता, तर वैद्यकीय मंडळाचा मूळ अहवाल दाखवावयाचा कोठून? ज्यांनीं आपली प्रत पेटींत जपून ठेवली ते तरले.

उशिराची शिक्षा दुसऱ्या प्रकारेंही होते. १९८३ सालीं अपंगत्वामुळें सेवेंतून बाहेर पडलेला एक सैनिक १९९९ सालीं न्यायालयांत गेला. त्याचा हक्क मान्य झाला, परंतु थकबाकी किती वर्षांची हा प्रश्न राहिला. सोळा वर्षांची द्यावी असें उच्च न्यायालयाच्या पीठाचें मत पडलें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दावा दाखल करण्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. कायद्याच्या दृष्टीनें यास कारणें आहेत, कारण झोंपलेल्या हक्काचे जुने हिशेब अमर्याद उकरतां येत नाहींत. पण ज्याला नियमच ठाऊक नव्हता, आणि ज्याला तो सांगण्याची जबाबदारी खात्याचीच होती, त्याची तेरा वर्षें त्यांत बुडालीं.

२००७ सालीं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ च्या ऑगस्टमध्यें तें सुरू झालें. त्याचें एक पीठ मुंबईस आहे. महाराष्ट्र, गुजरात व गोवा येथील सैनिकांचीं प्रकरणें तेथें चालतात. कळव्याच्या माणसाला आतां लोकलगाडीनें जाऊन दाद मागतां येते, ही सोय लहान नव्हे. न्यायाधिकरणापुढें येणाऱ्या अर्जांत अपंगत्व-पेन्शनचे अर्ज फार मोठ्या प्रमाणांत असतात, आणि परत पाठविण्याचा हुकूमही तेथें वारंवार होतो. त्याचें एक नेहमींचें कारण असें. जुन्या मंडळानें अपंगत्व शेंकडा २० ठरविलें, पण तें 'दोन वर्षांसाठीं' असें लिहिलें. पुढें पुन्हां तपासणी झालीच नाहीं. न्यायाधिकरण म्हणतें, त्या दोन वर्षांचे पैसे द्या, आणि पुढील काळासाठीं अर्जदारास फेरतपासणी मंडळापुढें उभें करा. हुकूम वरवर निर्दोष आहे. परंतु ज्या शिपायाला तिसाव्या वर्षीं काढलें, तो मंडळापुढें साठाव्या वर्षीं उभा राहतो. आतां त्याच्या गुडघ्यांत जें दिसतें तें सियाचिनचें किती आणि वयाचें किती, हें कोणत्या यंत्रानें मोजावयाचें? सरकारनेंच २००१ सालीं ही अडचण ओळखली होती. कायमच्या स्वरूपाच्या अपंगत्वाबाबत मंडळाचा पहिला निर्णय जन्मभरासाठीं अंतिम समजावा, शिपायानें स्वतः मागितली तरच फेरतपासणी करावी, असा हुकूम त्या वर्षीं निघाला. त्याच वर्षीं आंकड्यांचा सूक्ष्म वाद टाळण्यासाठीं ५० पेक्षां कमी असेल तें ५०, त्यापुढें ७५ पर्यंत ७५, आणि त्याहून अधिक तें १०० धरावें, असें ठरलें. सक्तीनें काढलेल्यांनाच ही सवलत कीं मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही, यावर पुन्हां वाद झाला, आणि डिसेंबर २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दोघांनाही लागू केली.

हें दुखणें आपल्याच देशाचें आहे असें मात्र नव्हे. अमेरिकेंत माजी सैनिकांचीं अपीलें ऐकणारें मंडळ १९३३ सालीं स्थापन झालें, आणि त्यावर न्यायालय बसलें तें १९८८ च्या कायद्यानें. तेथें न्यायालय प्रकरण मंडळाकडे परत पाठवी, मंडळ खालच्या कचेरीकडे पाठवी, कचेरी पुन्हां नाकारी, आणि प्रकरण पुन्हां वर येई. पिंजऱ्यांतला उंदीर चाकावर धांवत राहतो, त्याची उपमा तेथील सैनिकांनीं या फेऱ्यांना दिली. शेवटीं २०१७ सालीं कायदा बदलला, आणि २०१९ पासून अर्जदारानें नवा पुरावा द्यावा, वरिष्ठाकडून फेरविचार मागावा कीं थेट मंडळाकडे जावें, हें त्यानेंच निवडावें, असें झालें. चाक थांबलें नाहीं, पण त्यांतून उतरण्याची एक पायरी झाली.

आपल्याकडे सैनिकाच्या बाजूनें निकाल लागल्यावर सरकारनेंच वर अपील करण्याची प्रथा अधिक त्रासदायक ठरली. रक्षामंत्र्यांनीं २०१५ सालीं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनें अशा प्रकरणांत अपीलें करूं नयेत, केलेलीं मागें घ्यावींत, अशी शिफारस केली. सैनिकाला मात्र २०१५ सालच्या एका निकालानें न्यायाधिकरणावर उच्च न्यायालयांत जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला होता. तो मार्च २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां उघडला. दिल्लीचें तिकीट ज्याला परवडत नाहीं, त्याच्या दृष्टीनें हा निकाल मोठा. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें पुन्हां एकदां बजावलें कीं, कारणें न देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या शेऱ्यावर पेन्शन नाकारतां येणार नाहीं.

दरम्यान २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. सक्तीनें काढल्या गेलेल्याला 'अपंगत्व-पेन्शन' हा शब्द राहिला, आणि अपंगत्व असूनही मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यास जें मिळेल त्याला निराळें नांव दिलें गेलें. त्या तारखेपूर्वीं सेवेंतून बाहेर पडलेल्यांचीं प्रकरणें जुन्याच नियमांनीं चालतात. एकाच पलटणींतले, एकाच गांवचे दोन शिपाई, एक ऑगस्टांत सुटलेला आणि दुसरा ऑक्टोबरांत, आतां निरनिराळ्या नियमांचीं पुस्तकें घेऊन त्याच मुंबईच्या पीठापुढें उभे राहतात.